लिंबू, किल्ली, घोडा

तुम्ही चोर आहात. साधे चोरसुद्धा नाहीत. साधा चोर निदान घरात ऐवज आहे असं मानून तरी शिरतो. तुम्ही आधी कागद केलात, की या म्हातारीच्या डोक्याच्या घरात काहीच उरलेलं नाही. त्यावर शिक्का मारलात. आणि मग जे उरलेलंच नाही तेच मागायला तिच्याच दारात माणूस पाठवलात. तेही लहान पोरीला गोळी दाखवताना काढतात तसल्या आवाजात, ‘हाज्जा, हाज्जा’ करत. तुमचं खातं, तुमची खुर्ची, तुमच्या खोलीचा नंबर, सगळं त्या कागदाच्या डोक्यावर छापलेलं आहे. इथं ते लिहायची गरज नाही. तुम्ही स्वतःला ओळखता.

आता काय केलंत ते ऐका.

करकेनाच्या बेटावर समुद्र वारसानं मिळतो. ज्याला हसायचं असेल त्यानं हसावं. पाणी इतकं उथळ, की माणूस अर्धा तास आत चालत गेला तरी कमरेच्या वर भिजत नाही. त्या पाण्यात खजुरीच्या फांद्या ओळीनं रोवायच्या, लांबलचक कुंपण करायचं. ओहोटीबरोबर माघारी निघालेला मासा कुंपणाच्या कडेकडेनं सरकत जातो आणि शेवटी विणलेल्या पिंजऱ्यात शिरतो. ज्याचं पाणी त्याचं कुंपण, त्याचाच मासा. या म्हातारीला, शादलियाला, असं पाणी बापाकडून आलं होतं. बापाला दुसरं मूल नव्हतं.

ती आठ वर्षांची होती तेव्हा बापानं तिला ओहोटीला आत नेलं. अनवाणी. म्हणाला, “डोळे मीट. पायाखाली काय आहे?”

“दगड.”

“कसा?”

“गोल. मध्ये भोक.”

“तेलाच्या घाण्याचा तुटका दगड. माझ्या आज्यानं टाकलाय. हा पहिला कोपरा. चल.”

दुसऱ्या कोपऱ्याला समुद्रातलं गवत संपून पांढरी चिकणमाती लागायची, पाऊल टाकलं की थंडगार. तिसऱ्याला ऑक्टोपस धरायचे सात मातीचे घडे उलटे पुरलेले. चौथ्याला खाली काहीच नव्हतं. तिथं मान वर करून बघायचं: सीदी झाहिरच्या दर्ग्याचा पांढरा घुमट बिन-सालेमच्या वाकड्या खजुरीमागे बरोबर लपला, की उभं राहायचं. एक बोट डावीकडे दिसला, तर तू दुसऱ्याच्या पाण्यात आहेस. बापानं तिला त्या वर्षी अकरा वेळा नेलं. शेवटच्या वेळी तो काठावरच बसून राहिला आणि ती एकटी चारही कोपरे फिरून आली. तेव्हा त्यानं तिला एक भाजलेलं अंजीर दिलं आणि म्हणाला, “आता हे पाणी तुझं. कागद जळतात.”

कागद होताही. त्यात लिहिलं होतं, ‘दगडापासून मातीपर्यंत, मातीपासून घड्यांपर्यंत, घड्यांपासून खजुरीच्या रेषेपर्यंत.’ ती खजूर शादलियाच्या मुलाच्या सुंतेच्या वर्षी वादळात पडली.

तो मुलगा मुंजी. आता पंचावन्न वर्षांचा, पलीकडे किनाऱ्यावरच्या शहरात न्हाणीघराच्या फरशांचं दुकान. लहानपणी होडीत बसला की ओकायचा, म्हणून त्याला कधी पाण्यात नेलंच नाही. शाळेत घातलं. शादलियाच्या मनात आलं, एकानं तरी कोरडं राहावं. आज तिला स्वतःच्या त्या मायेची किळस येते.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून पाण्यात कुंपण पडलं नव्हतं. नुसतं पाणी. त्यावर एका कंपनीची नजर गेली. पाण्यात खांब रोवून लाकडी खोल्या बांधायच्या, खोलीच्या तळाला काच बसवायची, म्हणजे परदेशी माणसाला गादीवर लोळत मासा दिसेल. मुंजी आला, बापाच्या जागेवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, “यम्मा, नुसतं पडून आहे.”

“मीही पडूनच आहे. मलाही दे कोणाला.”

“यम्मा, चेष्टा नको.”

“चेष्टा तू करतोयस. नाही म्हणजे नाही.”

हे नोव्हेंबरात. जानेवारीत तिनं गॅसवर पातेलं ठेवलं आणि विसरली. हे खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पातेलं जळलं, पडद्याला धग लागली, शेजारच्या खमैसनं दार ढकलून गॅस बंद केला. मुंजी दुसऱ्याच दिवशी आला. जळलेलं पातेलं त्यानं हातात घेतलं, खिडकीकडे नेऊन उजेडात फिरवून पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते शादलियानं पाहिलं. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा झाला होता. त्यानं पातेल्याचा फोटो काढला.

आणि आणखी एक खरं. ती कधी कधी मुंजीला तय्यब म्हणून हाक मारायची. तय्यब हा तिचा दीर, मरून तीस वर्षं झालेला. एकदा तर नवऱ्याचंच नाव तिला अर्धा दिवस सापडलं नाही. सकाळी उठून न्याहारीला बसीसाचं भाजलेलं पीठ तेलात कालवताना गेलं ते गेलंच. दुपारी कपडे वाळत घालताना आलं, आणि ती ओल्या चादरीत तोंड खुपसून रडली. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. तेव्हापासून रोज पहाटे नमाज झाल्यावर ती मनात पाणी फिरून यायची. दगड, माती, घडे, खजूर. एखाद्या दिवशी यातलं एक गळून पडेल, याची तिला मरणापेक्षा जास्त भीती होती.

मार्चात मुंजी तिला फेरीबोटीनं पलीकडे घेऊन गेला. म्हणाला, गुडघे दाखवू. गुडघ्याचा डॉक्टर गुडघ्याला हात लावत नाही, हे तिला पाच मिनिटांत कळलं.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. फिनेलचा वास, आणि त्याच्याखाली दबलेला मुताचा. प्लास्टिकच्या खुर्चीवर आधीच्या म्हाताऱ्याचा घाम अजून ओला. डॉक्टर पोरगेलासा, तोंडात च्युइंगम. तो तिच्याकडे बघून बोलत नव्हता, कागदाकडे बघून बोलत होता. पण आवाज मात्र अंगावर यावा इतका गोड.

“हाज्जा, कशी आहेस? छान? आपण जरा खेळ खेळू या हं.”

“मी हजला गेलेले नाही. फुकटची पदवी नको. खेळायचं वयही नाही.”

डॉक्टर मुंजीकडे बघून हसला. मुंजीही हसला. दोन पुरुष म्हातारीच्या डोक्यावरून हसले.

“तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवायचे. लिंबू, किल्ली, घोडा. नंतर विचारीन. आता सांग, आज तारीख काय?”

“सत्तावीस.”

त्यानं मोबाइल पाहिला. पेन हललं. “महिना?”

“फुरार.”

“म्हणजे फेब्रुवारी?” पेन पुन्हा हललं. “वर्ष?”

“जाळ्यात निळा खेकडा पहिल्यांदा आला, त्यानंतरचं दहावं.”

“ऋतू?”

“हुसूम. आज तिसरा दिवस. म्हणून तर बोट एवढी हलली. तुमच्या खिडकीची काच वाजतेय ती त्यानंच.”

डॉक्टरनं चार ठिकाणी शून्य मांडलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा मार्च होता. बारा मार्चातून तेरा दिवस वजा करा. फुरारची सत्तावीस येते, बिनचूक. बेटावरचं कुठलंही शेंबडं पोर सांगेल, की आपली जुनी तारीख कागदाच्या तेरा दिवस मागे चालते, आणि जैतून कधी झोडायचा, अंजिराला कधी हात लावायचा, ऑक्टोपस कधी घड्यात शिरतो, हे त्या जुन्या तारखेवर ठरतं. हुसूमचे आठ दिवस वाऱ्याचे. त्यात होडी काढणारा बुडतो आणि त्याच्यासाठी कोणी फार रडतही नाही. त्या च्युइंगमवाल्याला हे माहीत नव्हतं असं समजू नका. त्याच्या घरात आजी असेलच. तिनंही असंच सांगितलं असेल, आणि यानं तेव्हाही मान हलवून मोबाइल पाहिला असेल.

पण त्याला सोडा, तो परका. मागच्या खुर्चीत मुंजी बसला होता. त्याला माहीत होतं. त्याच्या लग्नाचा दिवस आईनं याच मोजणीनं काढला होता. तो बोटानं मोबाइलवर काहीतरी वर सरकवत राहिला.

“शंभरातून सात वजा कर, हाज्जा.”

“का? कोण घेऊन गेलं?”

“नुसतं वजा कर.”

“मी शाळेत गेले नाही. मासा मोज म्हणा, मोजते.”

“बरं. आपण कितव्या मजल्यावर आहोत?”

“त्या पेटीत कोंडून वर आणलंत. जमिनीवर नाही एवढं कळतं.”

मग त्यानं कागद-पेन्सिल दिली आणि घड्याळ काढायला सांगितलं. शादलियानं आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. सह्यांच्या जागी अंगठा. तिनं दोन्ही हातांनी पेन्सिल धरून एक गोल काढला, बऱ्यापैकी काढला, आणि त्यावर पाच खुणा केल्या. पाच नमाजांच्या. तिचा दिवस त्या पाच ठिकाणीच वळायचा. डॉक्टरनं कागद उचलला आणि पेनानं मोजत म्हणाला, “सात गायब.”

“आता ते तीन शब्द आठवतात का? नसतील तर हरकत नाही.”

“लिंबू, किल्ली, घोडा.”

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याला ते आवडलं नाही हे तिला स्पष्ट दिसलं. त्यानं तीन गुण दिले, पण वाढपी शेवटच्या पंगतीला मटण वाढतो तसे दिले.

तीसपैकी बारा.

परतीच्या बोटीत मुंजीनं संत्रं सोललं. एकेक फोड तिच्या तोंडापाशी धरू लागला, जणू तिचे हातही तीसपैकी बारा झाले होते.

“घे, यम्मा.”

“तेरा दिवसांचं का सांगितलं नाहीस त्याला?”

“तिथं सरकारी तारीख चालते, यम्मा.”

“आणि तू? तू कुठल्या तारखेनं चालतोस?”

“मी तुझ्या भल्यासाठीच करतोय.”

तिनं संत्र्याची बी थुंकली. ती त्याच्या बुटावर पडली. त्यानं रुमाल काढून बूट पुसला. आधी बूट, मग आईचं तोंड. एकाच रुमालानं.

बेटावर खमैस वाट बघत होता. एकोणऐंशी वर्षांचा, दात तीन, तिच्या पाण्याला लागून त्याचं पाणी. लहानपणी दोघं एकाच चिखलात खेकडे धरायचे.

“किती पडले?” त्यानं विचारलं.

“बारा.”

“तीसपैकी? अगं शादलिया, मी शाळेत असतो तर मला एवढे कधीच पडले नसते. लाडू वाट.”

ती हसली नाही. तो मग तिच्या ओट्यावर पाय पसरून जाळं सांधत राहिला. त्याला तेवढंच येत होतं.

एप्रिलात कोर्टानं बोलावलं. पाच मिनिटं. न्यायाधीशानं डोकं दोनदा वर केलं: एकदा तिचं नाव विचारायला, एकदा घड्याळ बघायला. मध्ये एवढंच विचारलं, “तुमच्या नावावर काय मालमत्ता आहे हे ठाऊक आहे का?”

“पाणी आहे. दगडापासून पांढऱ्या मातीपर्यंत, तिथून सात घडे—”

“पुरे, हाज्जा. दमू नका.”

लिहिलं, की ही स्त्री असंबद्ध बोलते. तिच्या पणजोबाच्या कागदात जे शब्द शिक्क्यासकट आहेत, तेच तिच्या तोंडून आले तर असंबद्ध. त्या कागदावर तुमच्या खात्यानं शिक्का मारला आणि मुंजी तिचा पालक झाला. पन्नास वर्षांपूर्वी जो तिच्या पदराला शेंबूड पुसायचा, तो आता तिच्या वतीनं सही करणार. कोर्टाच्या जिन्यात शादलियाला उलटी झाली. मुंजी म्हणाला, बोटीचा त्रास. बोटीत त्यालाच व्हायचा तो.

शंका माणसाला आतून कुरतडते. पहाटे मनात पाणी फिरताना ती घड्यांपाशी अडखळायला लागली. सात की सहा? बापानं सात म्हटलं होतं की सातवा नंतर फुटला? कागद म्हणतो मला आठवत नाही. कागदाला सगळे मान देतात. मलाच फसवत नसेन ना मी? ती स्वतःच्या डोक्याकडे नासलेल्या माशाकडे बघावं तशी बघायला लागली, नाकाला पदर लावून. तुम्ही नुसतं पाणी घेतलं नाहीत. माणसाला स्वतःचीच शिसारी येईल अशी सोय केलीत.

आणि मग मे महिन्यात तुमच्या खात्याचं पत्र आलं.

खमैसची नात वाचून दाखवत होती. पाण्याची हद्द ठरवायची आहे. जुन्या दस्तातल्या खुणा आता जागेवर दिसत नाहीत. ‘सबब, सदर हद्दीची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वृद्ध व्यक्तीच्या दाखवण्यावरून मोजणी करण्यात यावी. अशी एकमेव हयात व्यक्ती म्हणजे’, आणि पुढं शादलियाचं नाव, बापाच्या नावासकट. खाली तोच शिक्का. तोच. अक्षम ठरवणाऱ्या कागदावर होता तो, त्याच कोपऱ्यात, तसाच जरा तिरका.

“परत वाच,” शादलिया म्हणाली.

पोरीनं परत वाचलं.

खमैसनं शिक्क्यावर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाला, “थुंकावं तरी कशावर? तिकीट लावून थुंकी परत पाठवता येते का?”

वीस मेला मोजणीदार आला. अनिस त्याचं नाव. तीन पायांचं यंत्र, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट. मोटरबोट त्या गवतावरून जात नाही, म्हणून खमैसची सपाट होडी घेतली. खमैस बांबूनं ढकलत होता. मुंजी मध्ये बसला होता, ओठ मिटून, आधीच हिरवा पडलेला. शादलिया पुढं, काळी चादर खांद्यावरून घेऊन.

निघताना तिनं पाण्याकडे पाहिलं. चंद्र संपत आला होता. अशा दिवसात पाणी लांब जातं आणि पटकन जातं. तिनं खमैसकडे पाहिलं. त्यानंही पाण्याकडे पाहिलं होतं. दोघं काही बोलले नाहीत. कोणी विचारलंच नव्हतं.

“हाज्जा,” अनिस म्हणाला, “तुम्ही फक्त बोट दाखवायचं. इथं, इथं, इथं. मी खांब रोवीन. अर्ध्या तासात घरी.”

“आणि नाही दाखवलं तर?”

“मग माझ्याकडे विमानातून काढलेला जुना फोटो आहे, त्यावरून रेघ मारावी लागेल.” त्यानं नकाशा उलगडला. रेघ लाल होती. खमैसनं वाकून पाहिली आणि त्याच्या हातातला बांबू थांबला.

“ही रेघ माझ्या पाण्यातून जाते.”

“अंदाजे आहे, काका.”

“अंदाजे? चाळीस पावलं आत आहे! माझं अख्खं कुंपण तुझ्या त्या काचेच्या खोल्यांखाली जाईल. मासे माझे आणि बघणार गादीवरचा!” मग तो तिच्याकडे वळला, आणि त्याच्या आवाजातली सगळी मस्करी गेली. “शादलिया. तू बोलली नाहीस तर माझं जातं.”

हे असं आवळलंत तुम्ही. बोलली तर तिचं पाणी मोजून कंपनीच्या हातात. गप्प बसली तर खमैसचं.

मुंजी म्हणाला, “यम्मा, दाखव ना. तुला येतं ते.”

तिनं मान वळवून मुलाकडे पाहिलं. तुला येतं ते. कोर्टात हेच वाक्य याच्या घशात अडकलं होतं.

“खमैस, थांबव जरा,” ती म्हणाली. “पाय भिजवते.”

होडी थांबली. तिनं सपाता काढल्या, चादर गुडघ्यापर्यंत खोचली आणि काठ धरून पाण्यात उतरली. मुंजी “यम्मा, पडशील” म्हणत अर्धा उठला आणि परत बसला. पाणी पोटरीपर्यंत होतं. तिनं डोळे मिटले. एक पाऊल. गवत. दुसरं. गवत, आणि त्याखाली वाळू. आता कळणार. कागद खरा की मी. तिसरं पाऊल तिनं जरा उजवीकडे टाकलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. टाचेखाली कड लागली. गोल. तिनं अंगठा पुढं सरकवला आणि तो भोकात गेला.

पंच्याहत्तर वर्षांनी तो दगड तिथंच होता, शेवाळलेला, आणि तिचा अंगठा त्या भोकात तेव्हासारखाच बसत होता. मग बाकीचं आपोआप आलं. माती तिथून नव्वद पावलं. घडे सात, सातवा फुटका, पण आहे, त्याच्या खापरानं बापाचा पाय कापला होता. सगळं आलं, त्या रक्तासकट.

ती दगडावर उभी राहिली. कोणाला कळलं नाही ती कशावर उभी आहे.

“मोजणीदार,” ती म्हणाली. “तुझ्याकडे कागद आहे?”

“आहे, हाज्जा.”

“लिही. शादलियाला आठवतं. एवढंच. खाली आपली जुनी तारीख घाल, मायूची सात, आणि तुझ्या साहेबाचा शिक्का.”

अनिस हसला. मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. “असं मी कसं लिहू? कोर्टाचा हुकूम आहे, की तुम्हाला... म्हणजे तुमची तब्येत...”

“काय आहे माझ्या तब्येतीला? बोल. मोठ्यानं बोल, माशांनाही कळू दे.”

“की तुम्हाला आठवत नाही.”

“मग इथं कशाला आणलंस?”

खमैसनं बांबू तळाला टेकवला आणि त्यावर रेलून उभा राहिला. होडीचा तळ वाळूला घासल्याचा आवाज आला. अनिसनं खाली पाहिलं.

“काका, हे पाणी कमी होतंय का?”

“होतंय.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला कुठं परीक्षा दिलीत? तिला विचारा. तिला बारा आहेत.”

मुंजी उठला. “यम्मा, तमाशा पुरे. माझ्या नावावर हुकूम आहे. मी सांगतोय, दाखव.”

“हुकूम तुझा. दाखव तू.” तिनं हातानं सगळ्या पाण्यावरून एक फेर केला, टोकापासून टोकापर्यंत, जिथं आता ठिकठिकाणी चिखल उघडा पडायला लागला होता. “बापाचं पाणी आहे तुझ्या आईच्या. उतर. चाल. पहिला कोपरा कुठं आहे?”

मुंजीनं पाण्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत फळ्यापुढे उभं केलेल्या पोराचा चेहरा होता तो. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. आली ती शिसारी, त्याची आणि त्याला कोरडा ठेवणाऱ्या स्वतःची.

होडी आता पुरती टेकली होती. अनिस पांढऱ्या बुटांनी उतरला, एक पाय घोट्यापर्यंत आत गेला, पाय काढायला गेला तर बूट आतच राहिला. त्यानं मोबाइल काढला आणि साहेबाला लावला. हळू बोलत होता, पाठ वळवून, पण उघड्या पाण्यावर आवाज लपत नाही. “हो सर... नाही, दाखवत नाहीये... म्हणते लिहून द्या... हो सर, वेड्यासारखंच करतेय. पण सर, तिला माहीत आहे. मला दिसतंय ना, माहीत आहे तिला.”

शादलिया दगडावरूनच म्हणाली, “इकडे दे.”

त्यानं का दिला कोण जाणे. कदाचित एका बुटावर उभ्या माणसाला नाही म्हणता येत नसेल. तिनं ते यंत्र दोन्ही हातांनी कानाला धरलं, पेन्सिल धरली होती तसं.

“ऐकतोयस का रे? मी शादलिया. लिंबू, किल्ली, घोडा. दहा आठवडे झाले, परत विचारायला कोणी आलं नाही, म्हणून सांगतेय. आता माझं ऐक. तुझ्याकडे दोन कागद आहेत, दोन्हींवर तुझाच शिक्का. एक म्हणतो हिला काही आठवत नाही, म्हणून हिचं पाणी पोराच्या हाती द्या. दुसरा म्हणतो हिच्याशिवाय कोणालाच आठवत नाही, म्हणून हिला विचारा. एक खोटा आहे. खोटा कुठला ते तू सांगायचं, मी नाही. पहिला खोटा म्हणालास, तर तो फाड, आणि मग माझं पाणी माझं, खमैसचं खमैसचं, दोघांचेही कोपरे मी आत्ता दाखवते. दुसरा खोटा म्हणालास, तर हा पोरगा आणि त्याची लाल रेघ उचलून घेऊन जा.”

पलीकडून आवाज आला, “हाज्जा, हे बघा, तुम्ही शांतपणे—”

“मी शांतच आहे. मी कोपऱ्यावर उभी आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मुंजी होडीच्या कडेवर वाकून ओकत होता, उघड्या चिखलावर, पाण्याचा थेंब नसताना. खमैसनं बांबू आडवा ठेवला आणि त्यावर बसला. शादलियाच्या घोट्यांभोवती आता नुसता ओला चिखल होता आणि अंगठा अजून त्या भोकात.

“साहेब,” ती म्हणाली, “पाणी परत यायला पाच तास आहेत. तोवर इथून कोणी हलत नाही, तुमचा माणूसही नाही. घाई नाही मला. एकच विचारलंय: मला आठवतं, की नाही? उत्तर द्या.”